थायलॅकॉइडला ‘चकती’ म्हणावे का?

एका वाचकांनी विचारले आहे की, प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या हरितलवकातील (क्लोरोप्लास्ट) ग्रॅनमचे, म्हणजे तिथल्या थायलॅकॉइड नावाच्या चपट्या पिशव्यांच्या गठ्ठ्याचे, वर्णन ‘थायलॅकॉइडच्या चकत्यांची चळत’ असे करणे योग्य ठरेल का, आणि पुढे थायलॅकॉइडसाठी नुसते ‘चकती’ लिहिलेले चालेल का. ‘चळत’ अवश्य ठेवावी. ‘चकती’ मात्र टाळावी, असे माझे मत आहे.

नाण्यांची चळत म्हटले की सारख्या आकाराच्या चपट्या वस्तू एकावर एक नीट रचलेल्या दिसतात. ‘ढीग’ किंवा ‘रास’ या शब्दांतून ती रचना दिसत नाही. ग्रॅनम या लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दाणा’ असा असून, आर्थर मायर यांनी १८८३ साली सूक्ष्मदर्शकातून दिसलेल्या गडद हिरव्या ठिपक्यांना ते नाव दिले. त्यामुळे ‘कणिका’ हा प्रतिशब्द मुळाला धरून असला, तरी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पुढे दाखवलेले थर त्यात येत नाहीत. (ग्रॅनम हे एकवचन आणि ग्रॅना हे अनेकवचन, एवढे लिहिताना सांभाळावे.)

‘चकती’ या शब्दाची अडचण अधिक खोल आहे. चकती सुटी असते आणि तिला आतली पोकळी नसते. याउलट, विल्हेल्म मेंके यांनी १९६०च्या दशकाच्या आरंभी थायलॅकॉइड हे नाव घडवले ते ‘पिशवी’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. या पिशव्या चळतीबाहेर पीठिकेत (हरितलवकातल्या द्रवात, स्ट्रोमात) पसरलेल्या पटलांनी (पातळ आवरणांनी) एकमेकींशी जोडलेल्या असतात आणि त्यांची पोकळी सलग असते.

हा सलगपणा गौण नाही. बर्टिल अँडरसन आणि जॅन अँडरसन यांनी १९८० साली पालकाच्या हरितलवकांवरील कामातून दाखवले की, प्रकाशप्रणाली २ (प्रकाशप्रणाली म्हणजे फोटोसिस्टिम, प्रकाश टिपणारा प्रथिनसंच) मुख्यतः चळतीतील एकमेकांना बिलगलेल्या पटलांत असते, तर प्रकाशप्रणाली १ पीठिकेकडे उघड्या असलेल्या पटलांत असते. एटीपी (पेशीत ऊर्जा वाहून नेणारा रेणू) तयार करणारे विकरही (एन्झाइम) उघड्या पटलांतच राहते, कारण त्याचा पीठिकेत डोकावणारा गोलसर भाग बिलगलेल्या पटलांमधल्या काही नॅनोमीटरच्या फटीत मावत नाही. आता प्रकाशप्रणाली २ पाण्याचे विघटन करून प्रोटॉन सोडते ते चळतीतल्या पिशवीच्या पोकळीत, आणि ते बाहेर पडताना एटीपी घडते ते चळतीबाहेरच्या किंवा तिच्या टोकाच्या उघड्या पटलांत. थायलॅकॉइड ही सुटी चकती असती, तर चळतीच्या मध्यभागी सुटलेल्या प्रोटॉनांना त्या विकरापर्यंत वाटच उरली नसती. ‘चकती’ वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ही वाट दिसत नाही, म्हणून माझा आग्रह आहे.

या पटलांच्या विस्तारासाठी ‘पदर’ हा शब्द मला फार योग्य वाटतो. चिरोट्याचे पदर आपण मोजतो खरे, पण ते साटा लावून गुंडाळलेल्या पोळ्यांचेच असतात, वेगवेगळे कापून रचलेले नसतात. उपमा इथवरच न्यावी, कारण चिरोट्याच्या पदरांत पिशवीसारखी बंद पोकळी नसते. ‘अप्रेस्ड’ पटलांसाठी ‘बिलगलेली’ आणि उरलेल्यांसाठी ‘मोकळी’ ही साधी विशेषणे पुरेशी आहेत.

तेव्हा आपले वाक्य मी असे लिहीन: ‘ग्रॅनम म्हणजे चपट्या थायलॅकॉइड पिशव्यांची चळत असून, पीठिकेतून जाणारे मोकळे पदर या चळतींना एकमेकींशी जोडतात आणि सर्वांची आतली पोकळी सलग असते.’