वायफाय जोडलेलं दिसतं, पण नेट गायब

प्रश्न : दादा नमस्कार, मी ग्वाल्हेरला लष्कर भागात जनकगंजच्या बाजूला राहते, घर आजेसासऱ्यांच्या वेळचं, दगडी आहे. मुलगा पुण्याला नोकरीला गेला तेव्हा त्याचा जुना लॅपटॉप विंडोजऐवजी उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून मला देऊन गेला, त्यावर मी संध्याकाळी मुलींना ऑनलाइन गाणं शिकवते. क्लास चालू असताना मधेच आवाज तुटतो, वायफायचं चिन्ह जसंच्या तसं असतं पण नेट नसतं, वायफाय बंद करून चालू केलं की येतं आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. फोनवर त्याच खोलीत सगळं व्यवस्थित चालतं. राऊटरही बदलून घेतला. मुलगा म्हणतो सरळ विंडोज टाकून देतो. टाकू देऊ का? (एक वाचक, ग्वाल्हेर)

उत्तर : ताई, विंडोजचं राहू द्या सध्या, आधी नेट कुठे तुटतंय ते बघू या, कारण ते न बघताच लोक राऊटर बदलतात, प्लॅन बदलतात आणि आजार तिथेच राहतो. फोनवर चालतं म्हणता, तर आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करून बघा, वायफाय अडलं की फोन गुपचूप डेटावर जातो आणि आपल्याला वाटतं वायफाय छान आहे!

आता लॅपटॉपवर टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडा. इथे सगळं देवनागरीत छापलंय, टाइप मात्र इंग्रजी छोट्या अक्षरांत करायचं. 'आयपी राऊट' लिहून एंटर मारा, पहिल्या ओळीत 'डिफॉल्ट व्हाया'च्या पुढे जो आकडा येईल तो तुमच्या राऊटरचा पत्ता, बहुतेक १९२.१६८.१.१ किंवा तसंच काही. मग 'पिंग' (समोरचा उत्तर देतोय का आणि किती वेळात, ते हा हुकूम सांगतो) आणि पुढे तो पत्ता, आणि ती खिडकी क्लासभर उघडी ठेवा. दुसऱ्या खिडकीत 'पिंग ८.८.८.८' चालू ठेवा, हा इंटरनेटवरचा गूगलचा पत्ता. आवाज तुटला की दोन्हीकडे बघा. राऊटरचं उत्तर दोन-पाच मिलीसेकंदात येतंय आणि फक्त ८.८.८.८ अडलंय, तर लॅपटॉप निर्दोष, नेटवाल्याला फोन करा. राऊटरचंच उत्तर शेकडो मिलीसेकंदांवर गेलं किंवा बंदच पडलं तर गडबड लॅपटॉप आणि राऊटरच्या मधे आहे. वायफाय बंद-चालू केल्यावर नेट परत येतं म्हणता, त्यावरून मला हीच दुसरी शक्यता जास्त वाटते.

आणि तसं असेल तर पहिला संशय पॉवर सेव्हिंगवर. राऊटर साधारण दर १०० मिलीसेकंदांनी 'मी इथे आहे' असा इशारा पाठवत असतो, बॅटरी वाचवायला लॅपटॉपचं वायफाय कार्ड दोन इशाऱ्यांच्या मधे झोपतं आणि इशाऱ्याच्या वेळी उठून आपल्यासाठी काही आलंय का विचारतं, तोवर राऊटर ते सांभाळून ठेवतो. कागदावर झकास, पण कार्डाचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा राऊटर यात जरा जरी चुकला की आवाज खाल्ला जातो, आणि कधी कधी कार्ड झोपतं ते नीट उठतच नाही, चिन्ह मात्र वर दिसत राहतं. उबुंटूत हे मुळातच चालू असतं. 'आयडब्ल्यू डेव्ह' लिहिलं की 'इंटरफेस'च्या पुढे कार्डाचं नाव दिसेल, मग 'सुडो आयडब्ल्यू डेव्ह', ते नाव, 'सेट पॉवर_सेव्ह ऑफ'. हे रीस्टार्टपर्यंतच टिकतं, म्हणून बिनधास्त करून बघा, एक क्लास घ्या. फरक पडला तर कायमचं करायचं: ईटीसी फोल्डरात नेटवर्कमॅनेजर (यातला एन आणि एम तेवढा मोठा), त्यात कॉन्फ डॉट डी, तिथल्या 'डिफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन' फाइलीत ३ आहे त्याचे २ करा (३ म्हणजे चालू, २ म्हणजे बंद) आणि लॅपटॉप रीस्टार्ट करा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, पण क्लासला चार्जर लावूनच बसत असाल ना.

क्लासला ब्लूटूथचा हेडफोन लावता का, ते लिहिलं नाहीत. लावत असाल तर एकदा वायरचा लावून बघा, कारण ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय एकाच पट्ट्यात बोलतात आणि लॅपटॉपात दोघांना बऱ्याचदा एकच कार्ड, कधी अँटेनाही एकच असतो. ५ गिगाहर्ट्झवर गेलं की हा गोंधळ सुटतो, पण ५ गिगाहर्ट्झ दगडाच्या जाड भिंतीतून फार कमी पार होतं आणि लष्करातल्या जुन्या घरांच्या भिंती काय असतात ते तुम्हाला मी काय सांगणार! बरं दोन्ही पट्ट्यांना राऊटरने एकच नाव दिलं असेल तर लॅपटॉप इकडून तिकडे उड्या मारत बसतो. दोघांना वेगळी नावं द्या आणि क्लासच्या खोलीत कुठलं टिकतं ते बघून तेवढंच ठेवा. राऊटर दाराच्या सरळ रेषेत आणता आला तर उत्तम. आणि माझं प्रामाणिक मत विचाराल तर गाण्याच्या क्लासला लॅनची केबल टाका, १०० मीटरपर्यंत ती आरामात चालते, लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबीचा लॅन अॅडॉप्टर मिळतो.

एवढ्यानेही नाही जमलं तर 'एलएसपीसीआय' चालवून 'नेटवर्क कंट्रोलर'ची ओळ मला पाठवा. इंटेलच्या कार्डांचे ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बरेच आधीपासून आहेत, रिअलटेकच्या बऱ्याच कार्डांसाठीचा आरटीडब्ल्यू८८ ड्रायव्हर कर्नल ५.२ मध्ये, म्हणजे २०१९ साली आला आणि एकेक मॉडेल त्यात नंतर जोडलं गेलं, त्यामुळे मुलाने टाकलेला उबुंटू जुना असेल तर नुसत्या नव्या कर्नलनेच काम होऊ शकतं. मात्र कुठून तरी ड्रायव्हर उतरवून स्वतः बसवायच्या भानगडीत इतक्यात पडू नका, नीट बसवला नसेल तर कर्नल अपडेट झाला की तो परत बनवावा लागतो आणि सिक्युअर बूट (लॅपटॉप सुरू होताना सॉफ्टवेअरची डिजिटल सही तपासणारी सोय) चालू असेल तर सही नसलेला ड्रायव्हर लोडच होत नाही.

प्रश्न : विंडोज आणि लिनक्स दोन्ही आहेत. विंडोज शट डाउन करून लिनक्समध्ये आलो की कधी कधी वायफायच दिसत नाही. कार्ड गेलं का? (इंदूरचा एक विद्यार्थी)

उत्तर : नाही भिया, कार्ड शाबूत आहे. विंडोजचं फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाउन पूर्ण होत नाही, विंडोज अर्धवट झोपतं आणि कार्डही तसंच अडकून राहू शकतं. शट डाउनऐवजी रीस्टार्ट करून लिनक्समध्ये ये, किंवा शिफ्ट दाबून शट डाउन कर, वायफाय दिसलं तर कारण हेच. मग कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन फास्ट स्टार्टअपची खूण काढून टाक. तरी नाही दिसलं तर 'आरएफकिल लिस्ट' बघ: 'सॉफ्ट ब्लॉक्ड'समोर येस असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक ऑल', 'हार्ड ब्लॉक्ड'समोर असेल तर कीबोर्डवरचं विमानाचं बटण दाबून बघ.