अकाउंटिंग सोडू नकोस

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. लेक इथेच जन्मली, आता रटगर्समध्ये दुसऱ्या वर्षाला आहे. अकाउंटिंग घेतलं होतं, पण हल्ली तिने ध्यास घेतलाय की एफबीआयसारख्या खात्यात जायचं. त्यासाठी मेजर बदलून क्रिमिनल जस्टिस घेणार म्हणते. तिचे बाबा म्हणतात, घेऊ दे. मला काही सुचत नाही. शिवाय आपले नातेवाईक भारतात, माझ्याकडे अजून ग्रीन कार्डच आहे आणि तिच्या आजीने पुण्याच्या बँकेत केलेल्या ठेवीवर हिचंही नाव आहे. या सगळ्याची तिला अडचण होईल का? आणि खरं सांगते, बंदुकीची नोकरी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.
– एक आई

उत्तर : ताई, लेकीला आधी एवढं सांगा की अकाउंटिंग सोडू नकोस. आयआरएस म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याच्या क्रिमिनल इन्व्हेस्टिगेशन (गुन्हे तपास) विभागात स्पेशल एजंट म्हणून मी उमेदीची सगळी वर्षं काढली, त्या अनुभवावरून सांगते आहे.

क्रिमिनल जस्टिस हा विषय वाईट नाही. पण तो घेतला म्हणजे फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, खात्यात वाट सोपी होते, हा समज चुकीचा आहे. एफबीआयच्या स्पेशल एजंटला पदवी लागते, विषय कुठलाही चालतो. वय किमान २३ लागतं, नेमणूक सदतिसावा वाढदिवस व्हायच्या आत व्हावी लागते, आणि पदवीनंतर दोन वर्षांची पूर्णवेळ नोकरी झालेली असावी लागते. मास्टर्स असेल तर एक वर्ष पुरतं. म्हणजे पदवी हातात पडल्याबरोबर कुणी एजंट होत नाही, मधली वर्षं कुठेतरी काम करावंच लागतं. अकाउंटिंग शिकलेल्या मुलीला ते काम मिळतं, आणि त्याच कामातून ती तपासाला लागणारी नजर कमावते. सरकारी भरती बजेटप्रमाणे उघडते आणि बंद होते. ती बंद असेल तेव्हा हिच्या हातात स्वतःच्या पायावर उभी राहण्याची विद्या असेल, हेही आईने लक्षात घ्यावं.

आमच्या विभागाची तर अटच हिशेबाची आहे : अकाउंटिंगचे १५ क्रेडिट आणि शिवाय फायनान्स, इकॉनॉमिक्स, बिझनेस लॉ, टॅक्स लॉ अशा विषयांतले ९. तुमची लेक यातले निम्मे बहुधा आत्ताच करून बसली असेल. जीपीए, म्हणजे गुणांची सरासरी, ३ च्या वर ठेवली तर फेडरल नोकरीत एक पायरी वरून सुरुवात होऊ शकते, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात गुण घसरू देऊ नयेत.

हिशेब म्हणजे रुक्ष काम असं तिला वाटत असेल, तर एक प्रसंग सांगते. एका तपासात माझ्यासमोर डिपॉझिट स्लिपांचे खोके होते. खाती वेगवेगळ्या नावांची, बँका वेगवेगळ्या. एकाच दिवसाच्या तीन स्लिपा मी शेजारी शेजारी ठेवल्या : ९,४०० डॉलर, ९,७०० डॉलर, ९,२०० डॉलर. एका दिवसात १०,००० डॉलरपेक्षा जास्त रोकड भरली की बँकेला सरकारकडे रिपोर्ट पाठवावा लागतो. तो चुकवण्यासाठी रक्कम फोडून भरणं हा वेगळाच फेडरल गुन्हा आहे, पैसा कष्टाचा असला तरीही. तिन्ही स्लिपांवर सही वेगळी होती. पण सातचा आकडा जिथे जिथे होता तिथे मधोमध आडवी रेघ मारून लिहिलेला, नऊचं शेपूट तसंच डावीकडे वळलेलं. हात एकच होता. तिथून पुढे वह्या, टॅक्स रिटर्न आणि मालखरेदीची बिलं एकमेकांना लावून पाहत आम्ही त्या माणसापर्यंत पोहोचलो. शिकागोचा कुख्यात गुंड अल् कपोन याला १९३१ साली ११ वर्षांची शिक्षा झाली ती खुनासाठी नव्हे, टॅक्स चुकवल्याबद्दल, आणि ते काम जमाखर्चाच्या वह्या चाळणाऱ्या माणसांनी केलं होतं. हे तिला ऐकवा. मला अजूनही या कामाचा अभिमान वाटतो.

आता कॉलेजात काय करावं? सगळ्यात मोलाचं म्हणजे व्हिटा. कमी उत्पन्नाच्या लोकांचे टॅक्स रिटर्न फुकट भरून देण्याचा हा आयआरएसचा कार्यक्रम आहे. स्वयंसेवकांना शिकवतात, परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देतात आणि मग समोर खरी माणसं बसवतात. घाबरलेल्या, कागद विसरून आलेल्या, कधी काही लपवणाऱ्या माणसाशी धीराने कसं बोलायचं, हे वर्गात कळत नाही. जबाब घेताना मला नेमकं हेच लागायचं. आमचा विभाग काही कॉलेजांत अ‍ॅड्रियन प्रोजेक्ट नावाचा एक दिवसाचा उपक्रमही घेतो. त्यात मुलं एजंट बनून बनावट केस सोडवतात. तिच्या प्राध्यापकांनी विभागाच्या स्थानिक ऑफिसला पत्र लिहून तो मागवावा. एफबीआयच्या उन्हाळी इंटर्नशिपचे अर्ज आदल्या वर्षीच घेतात, कारण उमेदवाराच्या पार्श्वभूमीच्या चौकशीला महिनोन्‌महिने जातात. मे महिन्यात जाग येऊन उपयोग नाही. मराठी, हिंदी चांगलं येत असेल तर तेही टिकवावं. भाषा येणारा माणूस तपासात हवाच असतो. शारीरिक चाचणीचं म्हणाल तर दीड मैल न थांबता पळता यावं आणि पुशअप्स नीट काढता याव्यात. आतापासून आठवड्यातून चार दिवस केलं तर पुरे.

खरी कसोटी आहे ती चौकशीची, आणि हुशार मुलं तिथेच अडतात. फॉर्म आहे एसएफ-८६. त्यात दहा वर्षांचे पत्ते, दहा वर्षांच्या नोकऱ्या, परदेशी नातेवाईक, परदेश प्रवास, कर्ज, नशा, सगळं लिहायचं असतं. तपासनीस रूममेटला, शेजाऱ्याला, जुन्या बॉसला भेटतात. म्हणून तिने आजच एक वही करावी. कुठल्या खोलीत कधीपासून कधीपर्यंत राहिली, तेव्हा तिला ओळखणारं कोण होतं, भारतात कधी गेली, कुठे काम केलं आणि का सोडलं, हे सगळं तारखांसकट लिहून ठेवावं.

नशेबद्दल तुम्ही तिच्याशी मोकळेपणाने बोलाच. न्यू जर्सीत २१ वर्षांपुढच्यांना गांजाला परवानगी आहे म्हणून मुलांना तो साधा वाटतो, पण फेडरल कायद्याला राज्याची परवानगी चालत नाही. एफबीआयने २०२१ मध्ये अट सैल केली, तरी अर्जाच्या आधीचं एक वर्ष गांजापासून लांब असावंच लागतं. दुसऱ्या खात्यांचे नियम वेगळे आहेत. आणखी एक गोष्ट आपल्या घरांत कुणाच्या लक्षातच येत नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री रूममेटची अ‍ॅडरॉलची (डॉक्टर एकाग्रतेसाठी लिहून देतात ती) गोळी घेणं. दुसऱ्याच्या नावाचं औषध घेणं हाही गैरवापर आहे आणि फॉर्मवर त्याचा प्रश्न आहे. समजा असं काही होऊन गेलं असेल, तर लिहावं. एखादी चूक सांगून नोकरी मिळालेली माणसं मी पाहिली आहेत. लपवलेलं सापडल्यावर मात्र तोच फेडरल गुन्हा ठरतो, त्याला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. एफबीआयमध्ये तर पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडण्याची चाचणीही असते.

तुमचं ग्रीन कार्ड, मामा-काका भारतात, यातलं काहीही तिला बाद करत नाही. ती स्वतः नागरिक आहे, एवढं लागतं. बाकीची माहिती पूर्ण आणि खरी द्यायची. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना भारत देतो ते) असेल तर ते भारताचं नागरिकत्व नव्हे, पण विचारलं की सांगावं.

आजींची ठेव मात्र मनावर घ्या, हे काम पुढे ढकलू नका. परदेशातल्या सगळ्या खात्यांतली रक्कम मिळून वर्षात एकदाही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल, तर एफबार नावाचं विवरण दरवर्षी भरावं लागतं. जोड खात्यात पूर्ण रक्कम तिच्या नावे मोजली जाते, पैसे आजींचेच असले आणि हिने त्यातला एक रुपया काढला नसला तरीही. ती नुसती नॉमिनी असेल तर गोष्ट वेगळी, म्हणून आधी पावतीवर नेमकं काय लिहिलंय ते पुण्याहून फोटो काढून मागवा. जोड नाव असेल आणि रक्कम तेवढी असेल, तर मागची विवरणं भरायला टॅक्समधला जाणकार गाठा. आपणहून भरणाऱ्यांसाठी रस्ते आहेत. आयआरएसमध्ये जाऊ पाहणाऱ्या मुलीचं स्वतःचंच खातं कळवलेलं नसावं, असं होऊ देऊ नका. एसएफ-८६ वरही हे खातं येईल.

आता तुमच्या पोटातल्या गोळ्याविषयी. धोका नाही असं मी म्हणणार नाही. आमचे एजंट बंदूक बाळगतात, झडतीला जातात, अटक करतात. पण जॉर्जियातल्या ग्लिंकोच्या केंद्रात महिनोन्‌महिने शिकवल्याशिवाय कुणाला कामाला लावत नाहीत, आणि दारावर एकटं कुणी जात नाही. माझा बहुतेक वेळ टेबलाशी, ग्रँड ज्युरीच्या (आरोप ठेवायचा का हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) कागदांत आणि वकिलांच्या बैठकांत गेला. पहिल्या झडतीला मी अंगावर बुलेटप्रूफ व्हेस्ट चढवून पहाटे उभी राहिले तेव्हा माझ्या आईलाही झोप लागली नव्हती. तुम्हालाही लागणार नाही, ते मी टाळू शकत नाही. पहिली नेमणूक न्यू जर्सीत होईलच असं नाही, याचीही तयारी ठेवा. दिवस मोठे असतात. त्यासाठी मूळ पगाराच्या २५ टक्के वेगळे मिळतात. वीस वर्षं सेवा झालेल्याला ५७ व्या वर्षी निवृत्त व्हावंच लागतं.

पुढचं पत्र लेकीला स्वतः लिहू द्या. आतापर्यंत कुठले कोर्स झाले आणि पुढच्या सेमिस्टरला काय काय उपलब्ध आहे, ते तिने कळवावं. कुठले घ्यायचे ते मी तिला सांगेन.