लाईन गेली की बिलिंग अडतं

प्रश्न : इतवारीत आमचं ठोक किराण्याचं दुकान आहे. बिलिंगच्या काँप्युटरवर विंडोज 10 आहे. रात्री शट डाउन करून सकाळी लावला तर सगळं बरोबर चालतं. पण मधेच लाईन गेली आणि पुन्हा सुरू केला, की डेटाबेस सापडत नाही असा निरोप येतो. सर्व्हिसेसमध्ये (पडद्यामागे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या यादीत) जाऊन डेटाबेसच्या सर्व्हिसला हाताने स्टार्ट दाबलं की चालतं. स्टार्टअप टाइप तर ऑटोमॅटिकच आहे. मग असं का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तुमचा काँप्युटर रात्री पूर्ण बंद होतच नसावा. फास्ट स्टार्टअप चालू असलं तर शट डाउनच्या वेळी विंडोज फक्त तुमचं लॉगिन बंद करतं. सर्व्हिसेससकट आतला बाकी पसारा डिस्कवर साठवतं आणि सकाळी तसाच उचलतं. लाईन गेल्यावर मात्र प्रत्येक सर्व्हिस पहिल्यापासून उठवावी लागते. डिस्क जुनी असली की त्या गर्दीत 30 सेकंदांत जिने हजेरी दिली नाही, तिचा नाद विंडोज सोडून देतं.

पडताळायला लाईन जायची वाट पाहू नका. रीस्टार्ट द्या, त्यात फास्ट स्टार्टअप लागू होत नाही. अडलं तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदवहीत) विंडोज लॉग्ज आणि त्यात सिस्टिम उघडा. 7009 आणि पाठोपाठ 7000 हे नोंदींचे क्रमांक (इव्हेंट आयडी) दिसले, तर वेळ पुरली नाही. 7001 म्हणजे जिच्यावर ही सर्व्हिस अवलंबून आहे तीच उठली नाही. सर्व्हिस ज्या खात्यावर चालते त्याच्या पासवर्डचा संशय सोडा; तो चुकला असता तर हातानेही सुरू झाली नसती.

वेळेचंच दुखणं असेल तर सर्व्हिसवर डबल-क्लिक करून स्टार्टअप टाइपमध्ये ऑटोमॅटिकखालचा डिलेड स्टार्टचा पर्याय निवडा. मग ती बाकीच्यांनंतर साधारण 2 मिनिटांनी उठते. तोवर बिलिंग उघडायची घाई नको. हा बदल करण्याआधी डिपेंडन्सीज टॅबमधला खालचा चौकोन, म्हणजे हिच्यावर अवलंबून असलेल्यांची यादी, बघाच. त्यात एखादी साधी ऑटोमॅटिक सर्व्हिस असेल, तर ती हिला आपल्यासोबत आधीच ओढून उठवते आणि बदल वाया जातो. तिलाही डिलेड करा. रिकव्हरी टॅबवर भिस्त ठेवू नका, तो मुख्यतः चालती सर्व्हिस कोसळली तर कामाचा.

फास्ट स्टार्टअप मात्र काढाच, म्हणजे बिघाड रोज सकाळीच कळेल, ऐन गिऱ्हाइकीत नाही. कंट्रोल पॅनेलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये डावीकडे पॉवर बटणांची लिंक आहे. तिथे फास्ट स्टार्टअपची टिक काढून सेव्ह करा. ती खूण फिकी दिसली तर आधी वरच्या, सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्जच्या ओळीवर क्लिक करा.

आणि यूपीएस घ्या. लिहिता लिहिता वीज गेली तर डेटाबेसची फाइलच बिघडू शकते. तिथे डिलेड स्टार्ट काय करणार?