आई-वडील गावी दोघंच, आईला मधुमेह, वडिलांना बीपी. पुण्यात राहून त्यांची काळजी कशी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: आई-वडील तासगाव तालुक्यात गावी, आईला बारा वर्षांची शुगर आणि वर्षभरापासून इन्सुलिन, वडिलांना बीपी. तुम्ही रोज रात्री फोन करून "आज शुगर किती?" विचारता. आई चिडते, वडील फोन ठेवून देतात. तर आता कुठलं मशीन घ्यावं, कुठलं ॲप टाकावं?

इतक्यात काही घेऊ नका. जोडून सुट्टी काढा, गावी जा आणि दोन दिवस तोंड बंद ठेवून नुसतं बघा. आई इन्सुलिन कसं भरते, कुठं टोचते, टोचल्यावर जेवायला किती वेळानं बसते, वडील गोळी कुठल्या डब्यातून काढतात. मध्ये बोलायचं नाही. बोललात की दोघं तुमच्यापुरतं नीट करून दाखवणार, आणि तुम्ही एसटीत बसलात की परत पहिले पाढे पंचावन्न.

सांगलीत गावभागाजवळ माझं मेडिकल आहे, काउंटरवर बावीस वर्षं गेली. मी डॉक्टर नाही, त्यामुळं डोस कमी-जास्त करण्याबद्दल एक अक्षर लिहिणार नाही. पण औषध पिशवीतून घरी गेल्यावर त्याचं काय काय होतं, ते रोज ऐकतो. आणि सगळ्यात मोठा धडा मिळाला तो माझ्याच घरात.

आमचे आण्णा, म्हणजे माझे वडील, सकाळी २० युनिट इन्सुलिन घ्यायचे, बाटलीतलं. एकदा भाच्यानं मुंबईहून येताना सुयांचं पाकीट आणलं, "मामा, तिकडं स्वस्त मिळाल्या." आण्णा खूश. आठ-दहा दिवसांत शुगर तीनशेच्या वर गेली. मी त्यांच्यावरच डाफरलो, कारण संध्याकाळी त्यांच्या वाटीत भडंग मी डोळ्यांनी बघितला होता. डॉक्टरांकडं नेलं, त्यांनी डोस वाढवून दिला. दोन दिवसांनी मुंबईचं पाकीट संपलं आणि आईनं माझ्या दुकानातल्या नेहमीच्या सुया काढल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी जेवणाआधी आण्णा सोप्यात बसल्या जागी घामानं निथळत होते आणि मला माझ्या चुलत्याच्या नावानं हाक मारत होते. शुगर ४८.

तीन चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी परत बघितली, ७० च्या वर आली, मग भाकरी खाऊ घातली. (माणूस शुद्धीवर असेल तरच तोंडातून द्यायचं. गिळता येत नसेल तर साखर-पाणी काही ओतू नका, १०८ ला फोन लावा.)

संध्याकाळी कचऱ्याच्या डब्यातून मुंबईची सुई काढून बघितली. टोपण नारिंगी. आपल्याकडं इन्सुलिनची साधी बाटली असते ती एका मिलिलिटरला ४० युनिटची, तिला लाल टोपणाची ४० ची सुई लागते. नारिंगी टोपणाची सुई १०० युनिटच्या इन्सुलिनसाठी. त्या सुईत २० च्या रेघेपर्यंत ४० चं औषध भरलं, की अंगात जातात फक्त ८ युनिट. म्हणजे आण्णांना दहा दिवस निम्म्याहून कमी औषध मिळत होतं. आणि डोस वाढवल्यावर सुई बरोबर आली, त्यामुळं वाढवलेलं सगळं औषध एकदम अंगात गेलं आणि शुगर घसरली. उलटी चूक याहून वाईट: इन्सुलिन पेनाच्या कार्ट्रिजमधलं (पेनात बसणाऱ्या छोट्या नळीतलं) १०० चं इन्सुलिन कुणी ४० च्या सुईनं ओढलं तर अडीचपट जातं. दिवसभर मी लोकांना सुया विकतो आणि घरातली सुई दहा दिवस बघितली नाही. दिव्याखाली अंधार. बिचाऱ्या भडंगाला उगाच शिव्या दिल्या.

म्हणून म्हणतो, आधी बघा. बाटलीवर ४० लिहिलंय का १००, टोपण कुठल्या रंगाचं. इन्सुलिन दुधासारखं पांढरट असेल तर आई ते भरण्याआधी तळहातांत हळू घोळवते का? नाहीतर औषध तळाला बसलेलं असतं आणि रोज वेगळा डोस जातो. जोरात हलवायचं नाही, फेस येतो. पोटावर रोज त्याच जागी टोचत असेल तर बोटानं चाचपा, गाठ लागेल. गाठीत टोचलं की दुखत नाही म्हणून बायका तीच जागा धरून ठेवतात, पण तिथून औषध नीट शोषलंच जात नाही.

बाटली फ्रिजमध्ये कुठं असते तेही बघा. बर्फाच्या कप्प्याला चिकटून ठेवलेली आणि एकदा गोठलेली बाटली फेकूनच द्यायची, वितळली म्हणून चालत नाही. चालू असलेली बाटली साधारण महिनाभर बाहेर चालते, पण तुमच्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात नव्हे. फ्रिज नसेल किंवा लाइट जात असेल तर छोटं मडकं ओल्या वाळूत ठेवून बाटली कोरड्या पिशवीत आत ठेवायची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या भागात लाइट नव्हती, तेव्हा शेजारच्या काकूंची बाटली आम्ही अशीच सांभाळली. तेव्हापासून आमच्या घरी जून लागला की पंधरा दिवसांच्या गोळ्या, सुया आणि चिठ्ठीची झेरॉक्स एका प्लॅस्टिकच्या डब्यात भरून माळ्यावर जाते.

दुसऱ्या दिवशी एक परात घ्या आणि घरातल्या सगळ्या गोळ्या तीत ओता. टीव्हीवरच्या, उशीखालच्या, वडिलांच्या बंडीतल्या, सगळ्या. नाव मोठ्या अक्षरांतलं नाही, खाली बारीक छापलेलं वाचायचं. मिरजेतल्या दवाखान्याची चिठ्ठी आणि गावातल्या डॉक्टरांची चिठ्ठी, दोन्हींत टेल्मिसार्टन ही बीपीची एकच गोळी वेगवेगळ्या कंपन्यांच्या नावानं लिहिलीय आणि माणूस इमानदारीनं दोन्ही खातोय, हे मी किती वेळा पाहिलं त्याला मोजमाप नाही. परातीत गुडघेदुखीच्या गोळ्या निघतीलच. डायक्लोफिनॅकसारखी औषधं रोज खाल्ली तर बीपी चढतं आणि किडनीवर ताण येतो, पण ती "दुखण्याची" म्हणून कुणी औषधांत धरतच नाही. परातीचा फोटो काढा आणि तो घेऊन डॉक्टरांकडं जा. काय बंद करायचं ते त्यांना ठरवू द्या, तुम्ही परस्पर एकही उचलू नका.

वडिलांचं बीपी ते कसं मोजतात? रानातनं आले, चहा घेतला, सदऱ्यावरूनच पट्टा गुंडाळला, आणि मशीन १६० दाखवतंय म्हणून घरभर घाबरगुंडी. पाच मिनिटं पाठ टेकून बसायचं, पाय जमिनीला, हात छातीच्या पातळीला, दंड उघडा, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, मोजताना गप्पा नाहीत. मिनिटाच्या अंतरानं दोनदा. बीपी नॉर्मल आलं म्हणून गोळी सोडली असेल तर ते गोळीमुळं नॉर्मल आहे, एवढं एकदाच सांगा.

पायांचं मात्र रोजचं. शुगर जुनी असली की तळपायाला कळत नाही. आमच्या एका गिऱ्हाइकाला द्राक्षबागेतला काटा चार दिवसांनी सापडला, तोही चालताना दुखला म्हणून नव्हे, अंथरुणाला डाग लागला म्हणून. आईला पांढरे मोजे घेऊन द्या. रक्त-पू असेल तर संध्याकाळी मोज्यावर दिसतं.

उपास हा नाजूक विषय. आई एकादशी सोडणार नाही, तुम्ही वाद घालू नका. त्या दिवशी इन्सुलिन किती, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून आणा. दिवसभर पोट रिकामं आणि रात्री साबुदाण्याची खिचडी, म्हणजे आधी खड्डा, मग डोंगर.

पैशांचं म्हणाल तर बीपी-शुगरच्या नेहमीच्या गोळ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट मिळतात. गावातल्या आशाताईंशी आईची ओळख असेलच, नंबर तुमच्याकडंही असू द्या. तुमच्या फोनपेक्षा त्यांची एक चक्कर भारी.

आणि ते रात्रीचं "शुगर किती?" थांबवा. तो आकडा त्या घटकेचा. गेल्या तीन महिन्यांत शुगर सरासरी किती होती ते एचबीएवनसी ही रक्ताची तपासणी सांगते, ती वेळेवर करून घ्या. एक शंभर पानी वही ठेवा, आकडे आईनं स्वतः लिहू देत, महिन्यातून एकदा वडील फोटो पाठवतील. आण्णा शेवटपर्यंत वही स्वतः लिहायचे, मधूनच "आज भडंग खाल्ला" असंही. तेवढं खरं मला ते तोंडी कधीच बोलले नसते.

मशीन घ्यायचंच असेल तर दंडाला बांधायचं बीपीचं घ्या, मनगटावरचं नको. दुकानात जाण्याआधी वडिलांच्या दंडाचा घेर टेपनं मोजून न्या, पट्टा त्या मापाचा लागतो.