नदीतला मासा नीट शिजवला की निर्धोक होतो का?

प्रश्न : माझे मामंजी पंचगंगेवर गळ टाकतात. परवा त्यांनी दोन किलोची मरळ आणली. मला पाचवा महिना आहे. ते म्हणतात, पाण्यात विष असलं तरी चिमूटभर. चरबी काढून रटरटून शिजवलं की झालं. हे बरोबर आहे का?
– एक वाचक, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ताई, मामंजींचं निम्मं बरोबर आहे. डीडीटीसारखी कीटकनाशकं चरबीत मुरतात, म्हणून कातडी आणि पोटाकडची चरबी काढली की ती थोडी कमी होतात. पाऱ्याचं तसं नाही. गाळातले जिवाणू त्याचा मिथिल पारा करतात आणि तो थेट मांसात बसतो. कितीही उकळा, जात नाही.

आता ‘चिमूटभर’चं बघू. अमेरिकेतल्या लाँग आयलंडच्या खाडीतली डीडीटीची मोजणी 1967 साली प्रसिद्ध झाली. पाण्याच्या दहा लाख भागांत डीडीटी होतं फक्त 0.00005 भाग. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत, म्हणजे प्लवकांत, ते 0.04 झालं, मोठ्या माशात 2 आणि मासे खाणाऱ्या पाणकावळ्यात 26! पाण्यापासून माशापर्यंतच चाळीस हजार पट. खाल्लेलं अन्न जिरतं, डीडीटी काय किंवा पारा काय, हे विष मात्र अंगात साठत जातं, आणि मोठा मासा शेकडो लहानग्यांचा साठा एकटा गिळतो. मरळीचं पोट फाडलं की अर्धवट पचलेली बेडकं, बोटाएवढे मासे निघतात, ते तुम्हीही पाहिलं असेल. रोहू बहुतेक शेवाळ-वनस्पतींवर जगतो, म्हणून त्याच्यात साठा कमी होतो.

पंचगंगेत मेलेले मासे तरंगले की आपण सावध होतो. ते बहुतेक वेळा पाण्यातला प्राणवायू संपल्यामुळे मरतात. साठलेलं विष मात्र तडफडणाऱ्या, ताज्या माशातही असू शकतं, आणि डोळ्यांना काहीच कळत नाही.

तुमच्या बाबतीत मला जास्त काळजी बाळाची वाटते. जपानात मिनामाटाला एका कारखान्याचा पारा खाडीत जात होता. 1956 मध्ये तिथला आजार उघडकीस आला. तिथे वरवर धडधाकट दिसणाऱ्या आयांना मेंदूला इजा झालेली बाळं झाली. मिथिल पारा वारेतून बाळापर्यंत पोचतो.

एकदा खाल्लंत म्हणून घाबरू नका. अंगातला निम्मा मिथिल पारा साधारण 50 ते 70 दिवसांत बाहेर पडतो. धोका आहे तो सवयीने खाण्यात. मासे सोडूही नका, बाळाला ते हवेतच. बाळंत होईपर्यंत आणि अंगावर पाजत असेपर्यंत नदीची मोठी मरळ आणि वाम टाळा. त्याऐवजी स्वच्छ तळ्यातला लहान रोहू किंवा मांदेली, बोंबील घ्या. घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या ताटातही हेच वाढा.