आजोबांचा चौकोनी टोकाचा वस्तरा वापरावा कसा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की पंचवटीतल्या जुन्या घरी ट्रंकेत आजोबांचा सोलिंगेनचा (पात्यांसाठी नावाजलेलं जर्मनीतलं शहर) वस्तरा सापडला, टोक गोल नाही, काटकोनात कापल्यासारखं आहे. दोनदा दाढी केली, दोन्ही वेळा उजव्या कानाची पाळी कापली. मग टोक घासून टाकावं का?

घासा, पण किंचित, आणि आज नको. त्याआधी एक सांगतो. गल्लीत सायकलवर धार लावणारा येतो त्याच्या हाती हा वस्तरा चुकूनही देऊ नका. सुरी-कात्रीला ते चाक ठीक आहे, पण वस्तऱ्याचं पातं कागदासारखं पातळ. क्षणात तापतं आणि पोलादाला दिलेलं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. मग सोलिंगेनचा शिक्का असून उपयोग काय!

मी अकरा वर्षं उघड्या वस्तऱ्याने दाढी करतोय. माझीही पहिली जखम कानाच्या पाळीलाच. जानेवारीतली सकाळ, नाशिकची थंडी, बोटं बधिर. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि मी मान वळवली. हात हललाच नव्हता, पाळीच जाऊन वस्तऱ्याच्या कोपऱ्याला लागली. रक्त इतकं, की घरच्यांना वाटलं कानच गेला. तुरटी दाबून धरली, दहा मिनिटांनी थांबलं. दाढी चालू असताना वस्तरा गालापासून पूर्ण लांब नेल्याशिवाय मान वळवायची नाही, हे त्या दिवसापासून अंगात भिनलं. तुमचंही बहुधा असंच काहीसं झालं असेल. चौकोनी टोकाच्या जखमा पातं चालताना कमी होतात. ते गालावर टेकवताना, उचलताना किंवा दिशा बदलताना जास्त.

हे टोक मुळात असतं कशाला? कल्ल्यांची रेघ, मिशीची कड, नाकाखालची अडचणीची जागा, तिथे कोपरा दिसतो म्हणून नेमकं काम होतं. आजोबांना मिशी होती का? असेल तर उत्तर मिळालं. बाकी सगळ्या चेहऱ्यावर मात्र पात्याचा मधला भागच चालवायचा. कानाजवळ टोक पाळीकडे नको, हवेत मोकळं हवं. उजव्या हाताने उजव्या गालावर पातं धरलं की टोक कानाकडेच जातं, म्हणून डाव्या हाताच्या बोटाने पाळी मागे दाबून धरायची आणि पातं पाळीच्या पुढे टेकवायचं. जबड्याखाली खळगा असतो, तिथे सपाट पात्याचा मध्य अधांतरी राहतो आणि कोपरा रुततो. मान वर करून कातडी ताणली की तो खळगा भरून निघतो.

कातडी ताणणं हे अर्धं काम. पटत नसेल तर रामकुंडावर घटकाभर उभे राहा. मुंडन करणाऱ्या नाभिकाचा उजवा हात बघू नका, डावा बघा. अंगठा सारखा पात्याच्या मागे कातडी ओढत असतो. घरी बोटं फेसाने निसरडी होतात, ती कोरडी करून तुरटीच्या खड्यावर घासा, पकड येते.

कोन साधारण तीस अंश, म्हणजे वस्तऱ्याची पाठ (धारेसमोरची जाड बाजू) गालापासून तिच्या दोन जाडींइतकी वर. केस ज्या बाजूला झुकलेत त्याच बाजूने, बोटभर लांबीचे छोटे हात. आडवं सरकवणं सक्त मना, चौकोनी टोक असताना तर हमखास चीर पडते. पहिले दोन आठवडे फक्त गाल वस्तऱ्याने करा, बाकी नेहमीच्या रेझरने. त्यात कमीपणा नाही.

दुसरी शंका धारेची. पेटीत वर्षानुवर्षं पडलेला वस्तरा दाढीच्या लायक धारदार क्वचितच असतो. बोथट पातं ओढतं, माणूस दाब देतो आणि दाबाखाली कोपरा आत शिरतो. १०००, मग ४०००, मग ८००० नंबरचा धार लावायचा पाण्याचा दगड (नंबर मोठा तितका दगड बारीक), पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर चाळीस-पन्नास हात, पाठ पुढे आणि धार मागे. पलटताना पातं पाठीवर फिरवायचं, नाहीतर याच कोपऱ्याने पट्टा कापला जातो. माझा पहिला पट्टा असाच गेला, आता तो गॅलरीतल्या कुंड्या बांधायला आहे.

आता टोक. ८०००च्या ओल्या दगडावर वस्तरा पेनसारखा उभा-तिरका धरा, फक्त कोपरा टेकवा आणि वजन न देता आपल्याकडे रेघ ओढल्यासारखं तीन-चार वेळा ओढा. मग कोपरा अंगठ्याच्या ओल्या नखावर हलकेच फिरवा. आधी तो नखाला खरवडत होता, आता घसरून जायला हवा. अजून अडकत असेल तर आणखी दोन रेघा, बस. डोळ्यांना टोक चौकोनीच दिसेल, मिशीची कड तितकीच नीट निघेल, फक्त कातडीत रुतणार नाही. जास्त घासलंत तर गोल टोकाचा वस्तरा झाला, मग तो बाजारातूनच आणायचा होता.

वापरण्याआधी स्पिरिटने पुसा. मधुमेह असेल किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर हा नादच नको. आणि दगडाला हात लावण्यापूर्वी धारेचा जवळून एक फोटो काढून इथे टाका. पाठीवरचा गंज चालतो, पण धारेवरच गंजाचे खड्डे असतील तर टोकाचा विचार नंतर, आधी वस्तरा वाचतो का ते बघू.