नाकात पाणी, मास्कमध्ये पाणी

पावसाळ्यात कोकणचा समुद्र स्कुबा डायव्हिंगला (पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरायला) बंद, त्यामुळे माझ्यासारखा डायव्हिंग गाइड हे चार महिने जळगावात घरी असतो आणि साठलेल्या पत्रांना उत्तरं लिहितो. यंदाच्या पत्रांत मासे-प्रवाळांबद्दल कोणी फारसं विचारलेलं नाही. बहुतेकांचं गाऱ्हाणं नाकाचं आहे.

प्रश्न : दिवाळीत तारकर्लीला डाइव्ह केला. मास्कमध्ये सारखं पाणी शिरत होतं. पट्टा दोनदा ओढून घट्ट केला, तर आणखीच शिरायला लागलं. माझ्या मिशा दाट आहेत. उतरवाव्या लागतील का? (भुसावळ, निवृत्त रेल्वे कर्मचारी)

काका, मिशा राहू द्या. नाकपुड्यांच्या लगेच खालची बारीकशी पट्टी तेवढी तासून घ्या, म्हणजे डोळे-नाक झाकणाऱ्या मास्कची सिलिकॉनची कड केसांवर न बसता कातडीवर बसेल. तेही नको असेल तर मिशांच्या वरच्या कडेला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. घरातलं व्हॅसलीन मात्र लावू नका, पेट्रोलियमच्या वस्तूंनी मास्कचा मऊपणा हळूहळू जातो.

पट्ट्याचं म्हणाल तर तुम्ही केलंत ते सगळेच करतात. मास्क चेहऱ्यावर दाबून धरायचं काम पाणीच करतं, पट्टा फक्त तो घसरू नये म्हणून. जास्त ओढला की कड दुमडते आणि त्या घडीतून पाणी वाट काढतं. पट्टा मानेवर नको, डोक्याच्या मागच्या फुगीर भागावर हवा. मास्क विकत घेताना पट्टा न अडकवता चेहऱ्याला लावा आणि नाकाने किंचित हवा आत ओढा, हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला पाहिजे. हीच परीक्षा तोंडात रेग्युलेटर (टाकीतली हवा तोंडात देणारं यंत्र) धरून पुन्हा घ्या, कारण तोंडात काही धरलं की गालांच्या रेषा बदलतात. हसल्यावरही बदलतात. कासव दिसलं, हसू आलं आणि मास्क गळला, असं माझंही होतं.

तरीही मिशीवाल्याच्या मास्कमध्ये थोडं पाणी येणारच. चमचाभर पाणी तळाशी डुचमळत राहिलं तर बिघडत नाही. नाकाला लागायला लागलं की काढायचं. मास्कची वरची कड बोटांनी कपाळावर दाबायची, नाकाने सावकाश हवा सोडायला सुरुवात करायची आणि ती सोडता सोडताच मान वर करायची. हवा वर साठते आणि पाण्याला खालच्या कडेतून बाहेर ढकलते. आधी मान वर केलीत तर तेच पाणी नाकात उतरतं, म्हणून क्रम महत्त्वाचा. एका श्वासात नाही निघालं तर तोंडाने पुन्हा श्वास घ्या आणि परत करा, घाई कसलीच नाही.

प्रश्न : मी पंधरा वर्षं प्राणायाम करते आणि शिकवते. श्वास नाकानेच घ्यायचा, हे अंगवळणी पडलं आहे. पाण्याखाली तोंडाने श्वास जमेल का? जलनेतीचा (एका नाकपुडीतून पाणी घेऊन दुसरीतून सोडण्याचा) उपयोग होतो का? (धुळे)

ताई, जमेल, पण दोन सवयी किनाऱ्यावर ठेवून या.

पहिली नाकाची. मास्कमध्ये नाकाने श्वास घेतलात तर मास्क नुसता चेहऱ्याला चिकटतो, हवा काही मिळत नाही. पाणी असेल तर तेच घशात जातं, ठसका लागतो आणि माणूस घाबरून वर पळायला बघतो. सोडताना नाक वापरणं तेवढं धोक्याचं नाही. पण प्रत्येक श्वास नाकाने सोडलात तर दर वेळी कड उचलली जाते, हवेच्या जागी थोडं पाणी शिरतं आणि उष्ण, दमट हवेने काचेवर वाफही धरते. ‘माझा मास्क खराब आहे’ म्हणणाऱ्या कित्येकांचा मास्क चांगला असतो, ते नकळत नाकाने श्वास सोडत असतात.

दुसरी सवय जास्त गंभीर, ती कुंभकाची. स्कुबात श्वास कधीही रोखायचा नाही. दहा मीटर खोलीवर हवेचा दाब जमिनीवरच्या दुप्पट असतो. तिथे छाती भरून श्वास घेतलात आणि तो रोखून वर आलात तर तीच हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते. फुप्फुस फाटू शकतं. लांब, संथ श्वासाची तुमची कमाई मात्र पाण्यात सोन्यासारखी आहे. श्वास तसाच ठेवा, फक्त मधला थांबा काढून टाका.

जलनेती करणाऱ्यांना नाकाला पाणी लागलं तरी दचकायला होत नाही, हा फायदा मी पाहिला आहे. नेतीसाठी पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या. सर्दी असेल तर मात्र नेती करून डाइव्हला येऊ नका. नाक-कान बंद असताना पाण्यात उतरायचंच नसतं.

प्रश्न : आमच्या मळ्यातल्या विहिरीत लहानपणापासून मुटके मारतो, तळाची माती काढून आणतो. पोहायचा चष्मा लावून स्कुबा का करता येत नाही? आणि एक. डोळे उघडे चालतात, पण नाकमा पानी गये की जीव घाबरस. (चोपडा, महाविद्यालयीन विद्यार्थी)

भाऊ, चष्मा लावून विहिरीच्या तळाशी गेलास तेव्हा डोळे बाहेर ओढल्यासारखे वाटले असतील. खाली जाताना चष्म्यातली हवा आकसते आणि तो डोळ्यांभोवतीची कातडी शोषायला लागतो. खूप झालं तर डोळ्यांतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटून पांढरा भाग लाल होतो. मास्कमध्ये नाक आत घेतलेलं असतं ते यासाठीच. खाली जाताना नाकाने थोडी हवा मास्कमध्ये सोडली की ताण जातो. चष्म्यात ही सोय नाही.

नाकात पाणी गेल्यावर जीव घाबरणं हे भित्रेपणाचं लक्षण नव्हे, शरीर श्वासाची वाट राखतं. यावर औषध बादलीचं. स्नॉर्कल (श्वासाची वाकडी नळी) तोंडात धरून, मास्क न लावता, बादलीत तोंड बुडव. सुरुवातीला नाक चिमटीत धर, तोंडाने दहा-वीस श्वास घे. मग चिमूट सैल कर. पडजिभेच्या मागे नाकाची वाट बंद होते ती जागा सापडेपर्यंत दोन-चारदा ठसका लागेल. एकदा सापडली की सायकलसारखं, विसरायला होत नाही. शेजारी कोणीतरी हवंच. आणि हा प्रयोग विहिरीत नको, गिरणा किंवा हतनूरच्या धरणात तर मुळीच नको.

प्रश्न : नाकात चमकी आहे, केस लांब आहेत. काढावी का? (शहादा)

चमकी कडेच्या आत राहते, तिने पाणी येत नाही. टोचायला लागली तर काढा. खरे वैरी कपाळावरच्या बटा, एक केस कडेखाली राहिला तरी धार लागते. वेणी घाला, मास्क लावल्यावर आरशात कपाळ पाहा. मंगळसूत्र खोलीवर ठेवून या.

प्रश्न : नवा मास्क घेतला, पाण्यात शिरताच धुकं. (नंदुरबार)

नव्या काचेवर कारखान्यातला सिलिकॉनचा पातळ थर असतो. साधी पांढरी टूथपेस्ट बोटाने आतून चोळा, धुवा, दोन-तीनदा. पुढे दर डाइव्हला थुंकी नाहीतर बेबी शाम्पूचा थेंब पुरतो. मास्क डब्यातच ठेवा, पिशवीत कशाखाली दबून कड वाकडी झाली की तो गळणारच.

प्रश्न : पाण्याखाली मास्क भरला तर गाइडला सांगायचं कसं? (पाचोरा)

पंजा आडवा धरून डावी-उजवीकडे हलवा, मग बोटाने मास्क दाखवा. अंगठा वर करू नका! आपल्याकडे त्याचा अर्थ ‘झकास’, पाण्याखाली ‘वर चला’. अमळनेरच्या एका पाहुण्याने पोपटमासा पाहून खुशीने अंगठा दाखवला आणि मी त्याला थेट वर घेऊन आलो. बिचारा बोटीत बसून विचारत होता, ‘संपलं?’